पायऱ्यांवाचून वाट : रेल्वे स्थानके आणि चालण्याची अडचण असलेले प्रवासी

प्राथमिक शाळेची वार्षिक सहल ठरते. जवळच्या स्थानकावरून सकाळच्या गाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे आणि सायंकाळच्या गाडीने परत यावयाचे, असा बेत असतो. सहावीच्या वर्गातील एक मुलगा चाकांच्या खुर्चीतून शाळेत येत असतो. यादीत त्याचे नाव लिहिण्याची वेळ येते, तेव्हा त्याचे वडीलच पुढे होऊन म्हणतात, "गुरुजी, त्याला राहू द्या घरीच. तुम्हांला उगाच त्रास." गुरुजींनाही मनातून हायसे वाटते. पन्नास मुले सहलीस जातात. एक मागे राहतो. या प्रसंगात कोणी कोणावर अन्याय केला, असे कोणासच वाटत नाही. मुलाला चालता येत नाही म्हणून तो आला नाही, एवढाच निष्कर्ष सर्वजण काढतात.

हा निष्कर्ष तपासून पाहावयास हवा. तोच मुलगा सपाट रस्त्याने स्वतः चाके फिरवीत रोज शाळेत येतो. रस्त्यावर त्याचे अडत नाही. त्याचे अडते ते स्थानकाच्या दाराशी असलेल्या चार पायऱ्यांपाशी, पादचारी पुलाच्या जिन्यापाशी आणि फलाट व डबा यांच्या उंचीतील फरकापाशी. या तिन्ही गोष्टी माणसाने बांधलेल्या आहेत. ज्या बांधता येतात, त्या निराळ्या रीतीनेही बांधता येतात. पायांचे अधूपण वैद्याच्या हातचे नसेल. परंतु पायरीचे अधूपण गवंड्याच्या व अभियंत्याच्या हातचे असते. ही जाणीव मुलांच्या मनात रुजविण्याचे काम शाळेखेरीज दुसरीकडे होणे कठीण आहे. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक शिक्षकास असावी.

अडचण कोणाची?

भारताच्या २०११ च्या जनगणनेत दिव्यांग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के नोंदली गेली. त्यांपैकी हालचालीसंबंधीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५४ लाख होती. एकट्या महाराष्ट्रात सर्व प्रकारच्या दिव्यांग व्यक्ती २९ लाखांहून अधिक होत्या.

परंतु पायरीने अडणाऱ्या माणसांची गणना एवढ्यावर संपत नाही. गुडघे धरलेले आजोबा, दिवस भरत आलेली स्त्री, कडेवर एक व हाताशी एक मूल असलेली आई, शस्त्रक्रियेनंतर शहरातून गावी परतणारा रुग्ण, डोक्यावर बोचके व हातात पिशव्या घेतलेला मजूर, पायाला प्लॅस्टर घातलेला तरुण, या सर्वांना जिना जड जातो. यांतील बहुतेकांजवळ अपंगत्वाचा दाखला नसतो. म्हणून हल्ली या विषयाच्या मांडणीत 'हालचालीस मर्यादा असलेले प्रवासी' असा व्यापक शब्दप्रयोग करतात. मनुष्य आयुष्याच्या आरंभी कोणाच्या तरी कडेवर असतो आणि अखेरीस बहुधा काठीच्या आधारावर असतो. धडधाकटपणा ही मधली अवस्था होय, आणि इमारती मात्र तेवढ्याच अवस्थेकडे पाहून बांधल्या जातात.

वाट ही एक साखळी आहे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्यानंतरच्या शतकभरात उभी राहिलेली स्थानके, पूल व डबे जिना सहज चढणारा प्रवासी डोळ्यांपुढे ठेवून बांधली गेली. आज त्यांत सुधारणा करताना एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. ती अशी की, पायऱ्यांवाचूनची वाट ही साखळीसारखी असते. रस्ता, आवार, प्रवेशद्वार, तिकीटखिडकी, पाण्याचा नळ, शौचालय, फलाट, दुसऱ्या फलाटावर जाण्याचा मार्ग, डब्याचे दार आणि डब्यातील जागा, या तिच्या कड्या होत. एक कडी तुटली की उरलेल्या सर्व कड्या निरुपयोगी ठरतात. प्रवेशद्वाराशी उत्तम उतार बांधला, पण तिकीटखिडकीपुढे एक पायरी राहिली, तर खुर्चीतील माणूस तिकिटासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. फलाटावर सोयीचे शौचालय बांधले, पण त्यास कुलूप असून किल्ली कोणाजवळ आहे हे ठाऊक नाही, तर ते नसल्यासारखेच.

भारतीय रेल्वेने स्थानकांवरील सोयींची विभागणी पूर्वी दोन गटांत केली. पहिल्या गटात लवकर करावयाच्या सोयी आल्या : प्रवेशाशी कठड्यासह उतार, दिव्यांगांच्या वाहनांसाठी निदान दोन राखीव जागा, वाहनतळापासून इमारतीपर्यंत न घसरणारी वाट, दिसतील असे फलक, त्यांना वापरता येईल असा निदान एक पाण्याचा नळ, तळमजल्यावर निदान एक शौचालय आणि चौकशीची खिडकी. दुसऱ्या, म्हणजे दीर्घ मुदतीच्या गटात, एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाण्याची सोय आणि फलाटाच्या कडेला हाताने वा पायाने ओळखू येईल अशी खूण या गोष्टी आल्या. पहिल्या गटातील कामे थोड्या खर्चात व थोड्या जागेत होतात. दुसऱ्या गटातील कामांना पैसा, जागा व वेळ लागतो. मात्र प्रवाशाच्या दृष्टीने हा भेद नसतो. त्याची गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असेल, तर पहिल्या फलाटावरील सर्व सोयी त्याला गाडीपर्यंत पोचवीत नाहीत.

उताराचे गणित

पायरीऐवजी उतार बांधणे हा सर्वांत जुना व सोपा उपाय होय. पण कोणताही उतार उपयोगी पडत नाही. सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे एक सेंटिमीटर चढण्यासाठी निदान बारा सेंटिमीटर लांबी हवी. उतार याहून तीव्र असला तर खुर्चीतील माणसास स्वतःच्या हाताने चढता येत नाही, आणि उतरताना खुर्ची आवरत नाही.

हे प्रमाण पाचवी ते सातवीच्या वर्गांत प्रत्यक्ष उदाहरणांनी शिकविता येते. दारातील एकच पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल, तर उतार १८० सेंटिमीटर लांबीचा हवा. अशा तीन पायऱ्या असतील, तर उंची ४५ सेंटिमीटर झाली आणि उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब झाला. आता पादचारी पूल घ्यावा. पुलावरील वाट फलाटापासून सहा मीटर उंच आहे असे धरले, तर १५ सेंटिमीटरच्या चाळीस पायऱ्या होतात, आणि एकास बाराच्या प्रमाणाने उताराची लांबी ७२ मीटर होते. शिवाय एवढा चढ एका दमात कोणी चढू शकत नाही. दर नऊ मीटरांच्या आत विसाव्यासाठी दीड मीटरचा सपाट टप्पा सोडावा लागतो. ते टप्पे धरून लांबी ऐंशी मीटरांवर जाते. गाडीच्या जवळजवळ साडेतीन डब्यांइतकी ही लांबी झाली. मोठ्या पुलांवर उताराऐवजी लिफ्ट का बसवितात, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

उतार बांधताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. रुंदी निदान १२० सेंटिमीटर असावी. दोन्ही बाजूंस कठडा असावा, व त्यास मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी त्याखाली एक, अशा दोन उंचींवर धरण्याच्या दांड्या असाव्यात. कडेला चाक निसटू नये म्हणून बोटभर उंचीचा काठ असावा. वरच्या टोकाला दार उघडण्यापुरती सपाट जागा हवी, नाही तर खुर्चीतील माणूस एका हाताने दार ओढीत असता मागे घसरतो. पृष्ठभाग घोटीव सिमेंटचा वा गुळगुळीत फरशीचा असू नये. पहिल्याच पावसात तो निसरडा होतो. उताराचे खालचे टोक चिखलात वा खडीत उतरत असेल, तर सर्व खर्च वाया गेला असे समजावे.

फलाट आणि डबा

प्रवाशाची खरी कसोटी डब्याच्या दाराशी लागते. आपल्या देशात फलाट सामान्यतः तीन प्रकारचे आहेत. काही ठिकाणी फलाट रुळांच्याच पातळीवर असतो. सखल फलाट रुळाच्या माथ्यापासून ४५५ मिलिमीटर उंच असतो. उंच फलाटाची उंची ७६० ते ८४० मिलिमीटर असते. लांब पल्ल्याच्या गाडीच्या डब्याचा तळ मात्र रुळापासून सुमारे १३०० मिलिमीटर उंच असतो.

यांची वजाबाकी करून पाहावी. उंच फलाटावरूनही डब्यात जाण्यास ४६ ते ५४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन पायऱ्या चढावे लागते. सखल फलाटावरून ८० सेंटिमीटरांहून अधिक, म्हणजे वर्गातील टेबलाहून अधिक उंची चढावी लागते. फलाट रुळांच्या पातळीवर असेल, तर डब्याचा तळ तिसरी-चौथीतील मुलाच्या डोक्याइतका उंच राहतो. या उंचीवर दाराखालच्या अरुंद लोखंडी पायऱ्यांनी चढावयाचे, आणि गाडी दोन मिनिटेच थांबावयाची! लहान स्थानकावर वृद्ध माणसास गाडीत चढविताना घरच्यांची जी तारांबळ उडते, तिचे कारण या आकड्यांत आहे.

उंचीप्रमाणेच फट हाही धोका आहे. फलाट वळणावर असेल, तर सरळ डबा व वाकडा फलाट यांच्यामध्ये अंतर पडते. खुर्चीची पुढची लहान चाके अशा फटीत अडकतात. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील एका स्थानकात २०१४ च्या जानेवारीत झालेल्या गंभीर अपघातानंतर या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, आणि उपनगरी फलाटांची उंची ९०० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याचे काम हाती घेण्यात आले.

मग सर्वच फलाट डब्याच्या तळाइतके उंच का करीत नाहीत, असा प्रश्न चौकस मुले विचारतील. त्याचे उत्तर असे की, एकाच रुळावरून निरनिराळ्या गाड्या जातात. मालगाडीवर कधी डब्याच्या बाहेर येणारा रुंद माल लादलेला असतो. त्यास फलाटाची कड लागू नये, म्हणून फलाटाच्या उंचीस व रुळापासूनच्या अंतरास ठरावीक मर्यादा घालून दिलेल्या असतात. मेट्रो रेल्वेची गोष्ट निराळी. तेथे एकाच प्रकारची गाडी धावते व स्थानके नवी बांधलेली असतात. म्हणून फलाट व डब्याचा तळ एका पातळीत ठेवता येतात. दिल्लीत २००२ साली, मुंबईत २०१४ साली, नागपुरात २०१९ साली व पुण्यात २०२२ साली मेट्रो सुरू झाली. तेथे लिफ्टने फलाटावर जाऊन खुर्ची सरळ डब्यात नेता येते. जे आरंभीच विचारपूर्वक बांधले जाते, ते सोयीचे होते. जे मागाहून जोडावयाचे, ते खर्चाचे व अपुरे राहते. हा धडा शाळेची नवी खोली बांधतानाही लागू पडतो.

एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर

ज्या स्थानकात लिफ्ट वा लांब उतार नाही, तेथे खुर्चीतील प्रवाशास बहुधा फलाटाच्या टोकाशी नेतात आणि सामानाच्या हातगाड्यांसाठी रुळांवरून केलेल्या वाटेने पलीकडे पोचवितात. बरोबर रेल्वेचा कर्मचारी वा हमाल असतो. ही सोय अडीनडीची आहे. तीत धोका आहेच. शिवाय माणसाला मालाच्या वाटेने जावे लागते, ही गोष्ट त्याच्या मनाला लागल्याशिवाय राहत नाही. काही वेळा नातेवाईक त्याला पाठीवर घेऊन जिना चढतात. वयात आलेल्या मुलीस वा प्रौढ गृहस्थास चारचौघांदेखत असे उचलून न्यावे लागणे किती संकोचाचे असते, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकता जिना बसविला म्हणजे सर्वांची सोय झाली, असे अनेकांना वाटते. सरकता जिना हाही जिनाच. चाकांची खुर्ची त्यावर नेता येत नाही. कुबड्या घेतलेल्या माणसास आणि तोल सांभाळता न येणाऱ्या वृद्धास तो धोक्याचा असतो. लिफ्ट हाच तेथे खरा उपाय. परंतु लिफ्टला वीज लागते, देखभाल लागते, आणि ती बंद पडल्यास दुसरी वाट कोणती हे सांगणारा फलक लागतो. बंद लिफ्टपुढे उभ्या राहिलेल्या माणसास ती आहे एवढ्याचे समाधान पुरत नाही.

डोळ्यांनी अधू असलेल्या प्रवाशांसाठी फलाटाच्या कडेला पिवळ्या रंगाच्या, उठावाच्या फरश्या बसवितात. त्या पायाला व काठीला जाणवतात. या फरश्यांची कल्पना जपानमधील सेइइची मियाके यांची. १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविण्यात आल्या. आज जगभरच्या स्थानकांत त्या दिसतात. त्यांवर सामान ठेवणे वा पथारी पसरणे म्हणजे दुसऱ्याची वाट पुसणे होय, हे मुलांना सांगावे.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या केंद्रीय अधिनियमात रेल्वेचे डबे व शौचालये सोयीची करण्याचा उल्लेख होता. परंतु त्याला आर्थिक कुवतीची मर्यादा जोडलेली होती. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास मान्यता दिली. त्या कराराच्या नवव्या अनुच्छेदात इमारती, रस्ते व वाहतूक सर्वांना वापरता येण्याजोगी करण्याचे राज्यांचे कर्तव्य सांगितले आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले. त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत, आणि बसस्थानके, रेल्वे स्थानके व विमानतळ यांवरील सोयींची तरतूद त्यात केली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर डिसेंबर २०१७ मध्ये या सोयींसंबंधी निर्देश दिले. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने असे सांगितले की, सुगमतेचे काही नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे. किमान नियम बंधनकारक असले पाहिजेत. यावरून हा प्रश्न दयेचा न राहता हक्काचा झाला आहे, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

शाळेसंबंधीही हाच कायदा बोलतो. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे शाळेची इमारत, आवार व इतर सोयी दिव्यांग मुलांना वापरता येतील अशा असल्या पाहिजेत, आणि मुलास खेळ व इतर उपक्रमांत इतरांच्या बरोबरीने संधी मिळाली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही शाळेच्या इमारतीत अडथळ्यांवाचून प्रवेश असावा, असे नमूद आहे.

इतर देशांचा अनुभव

लंडन शहरातील भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. जगातील सर्वांत जुनी असल्यामुळे तिची अडचणही जुनी आहे. तिच्या २७२ स्थानकांपैकी सुमारे एकतृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांवाचून रस्त्यापासून फलाटापर्यंत जाता येते. जमिनीखाली खोल असलेल्या जुन्या स्थानकात लिफ्टसाठी नवी विहीर खणणे अतिशय खर्चाचे असते. तेथील रेल्वेने एक गोष्ट मात्र अनुकरणीय केली आहे. कोणत्या स्थानकात पायऱ्यांवाचून फलाटापर्यंत जाता येते व कोणत्या स्थानकात थेट डब्यापर्यंत जाता येते, हे तिच्या नकाशावर निरनिराळ्या खुणांनी दाखविलेले असते. त्यामुळे प्रवाशास घरातून निघण्यापूर्वीच आपला मार्ग ठरविता येतो. सोय अपुरी असली तरी तिची माहिती पुरी असावी, हा विचार ध्यानात घेण्यासारखा आहे.

जपानने २००० साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. दररोज ५००० वा अधिक प्रवासी वापरतात अशी स्थानके २०१० पर्यंत सुगम करावयाची, असे ध्येय ठरविले. पुढे ही मर्यादा ३००० प्रवाशांपर्यंत खाली आणली. संख्या व मुदत दोन्ही स्पष्ट असल्यामुळे काम मोजता आले, आणि अशा बहुतेक स्थानकांत पायऱ्यांवाचून वाट झाली. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या अमृत भारत स्थानक योजनेत १३०० हून अधिक स्थानके निवडली आहेत. प्रतीक्षागृहे, पूल, लिफ्ट व दिव्यांगांच्या सोयी यांचा त्यात समावेश आहे. ज्या गावाजवळ असे स्थानक असेल, तेथील शिक्षकांना बदल प्रत्यक्ष दाखविण्याची चांगली संधी आहे.

सहलीची पूर्वतयारी

या माहितीचा उपयोग शिक्षकाने सहलीच्या वेळी पुढीलप्रमाणे करावा.

१. सहलीपूर्वी आठवडाभर आधी स्वतः स्थानकावर जाऊन वाटेची साखळी पाहून यावी. कोठे पायरी आहे, ती किती उंच आहे, शौचालय उघडे असते काय, याचे टिपण करावे.

२. स्टेशन मास्तरांची भेट घेऊन गाडी कोणत्या फलाटावर येते व किती वेळ थांबते, हे विचारावे. स्थानकावर चाकांची खुर्ची असल्यास ती त्या वेळी मिळण्याची विनंती लेखी करावी. रेल्वेच्या १३९ या क्रमांकावरही चौकशी करता येते.

३. अनेक गाड्यांत दिव्यांगांसाठी राखीव डबा वा डब्याचा भाग असतो. तो बहुधा गाडीच्या टोकाशी असतो. आखूड फलाटावर तो उताराच्या वाटेपासून फार दूर थांबतो. म्हणून डब्याची जागा आधी विचारून ठेवावी.

४. शक्य असल्यास अधिक वेळ थांबणारी गाडी, किंवा जेथून गाडी सुटते ते स्थानक निवडावे. दोन मिनिटांच्या घाईत सर्व मुलांबरोबर त्या मुलास चढविण्याऐवजी दोन शिक्षकांनी कामे वाटून घ्यावीत.

५. प्रवासभाड्यात सवलत मिळण्यास आवश्यक ते प्रमाणपत्र पालकांजवळ आहे काय, हे आधी पाहावे.

६. रेल्वेने जाणे खरोखरच शक्य नसेल, तर सहलीचे साधन वा ठिकाण बदलावे. मुलाचे नाव गाळू नये.

मदत करण्याची रीत

मदतीची इच्छा पुष्कळांना असते. रीत थोड्यांना ठाऊक असते. प्रथम विचारावे, मग हात लावावा. चाकांची खुर्ची ही त्या मुलाच्या पायांच्या ठिकाणी असते. न विचारता ती ढकलणे म्हणजे दुसऱ्याचा हात धरून ओढण्यासारखे आहे. उचलावी लागल्यास हाताचे टेकू धरू नयेत, ते निघून येतात. खुर्चीची घट्ट चौकट कोठे आहे, ते त्या मुलालाच विचारावे. तीव्र उतारावरून खाली येताना मदतनिसाने उताराकडे पाठ करून खुर्ची मागे मागे उतरवावी, म्हणजे मुलगा पुढे कलंडत नाही. थांबताच दोन्ही चाकांना आडा लावावा. अंध व्यक्तीस दंड धरून पुढे ढकलू नये. आपले कोपर तिला धरू द्यावे व आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. आणि खुर्चीतील मुलाशी बोलावयाचे ते त्याच्याशीच बोलावे, "याला काय हवे?" असे त्याच्या डोक्यावरून दुसऱ्यास विचारू नये.

प्रारंभ शाळेपासून

स्थानकाच्या सोयी सुधारणे शिक्षकाच्या हाती नाही. शाळेचा उंबरठा मात्र बराचसा त्याच्या हाती आहे. परिसर अभ्यास व गणित यांच्या एका तासिकेत मुलांकडून शाळेची 'वाट' मोजून घ्यावी. फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, शौचालयापर्यंत व माध्यान्ह भोजनाच्या जागेपर्यंत किती पायऱ्या लागतात, हे मुलांनी वहीत लिहावे. दाराची रुंदी टेपने मोजावी. ती ९० सेंटिमीटरांहून कमी असेल, तर खुर्ची अडखळते. शाळेस उतार असेल, तर त्याची उंची व लांबी मोजून भागाकार करावा. भागाकार बारा वा अधिक आला तर उतार योग्य. चार वा पाच आला, तर तो केवळ तपासणीसाठी बांधलेला आहे असे समजावे. अनेक शाळांत उतारावर सायकली लावलेल्या असतात वा सरपण रचलेले असते; त्याचीही नोंद मुले आपण होऊन करतील.

हाच अभ्यास वरच्या वर्गातील मुलांकडून स्थानकावर करून घेता येतो. त्यासाठी स्टेशन मास्तरांची परवानगी घ्यावी, मोजमाप प्रवेशद्वार व आवार एवढ्यापुरतेच ठेवावे, आणि मुलांना फलाटाच्या कडेजवळ वा रुळांवर मुळीच जाऊ देऊ नये. जमलेली माहिती मुलांनी सुवाच्य अक्षरांत लिहून, आकड्यांसह विनंतीपत्राच्या रूपाने संबंधित अधिकाऱ्यांकडे पाठवावी. शाळेसंबंधीची माहिती शाळा व्यवस्थापन समितीपुढे व ग्रामसभेपुढे ठेवावी. 'सोय करावी' अशा मोघम मागणीपेक्षा 'पायरी १५ सेंटिमीटरची आहे, १८० सेंटिमीटरचा उतार हवा' ही मागणी लवकर मान्य होते. अर्जलेखनाचा याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणार नाही.

या लेखाच्या आरंभी उल्लेखिलेला मुलगा कोणत्याही शाळेत असू शकतो. त्याचे वडील "राहू द्या घरीच" असे म्हणतात, ते मुलाला जाण्याची हौस नसते म्हणून नव्हे. आजवर प्रत्येक दाराशी पायरी भेटत गेल्यामुळे विचारण्यापूर्वीच माघार घेण्याची त्यांना सवय जडलेली असते. अशा वेळी शिक्षकाने यादीत त्याचे नाव आधी लिहावे, आणि मग वाट कशी काढावयाची याचा विचार त्या मुलाला व त्याच्या वडिलांना बरोबर घेऊन करावा.